दोन कंत्राटे, एक अंतराळस्थानक

२१ जुलै २०११ रोजी सूर्योदयाआधी ‘अटलांटिस’ हे अमेरिकेचे स्पेस शटल फ्लोरिडातल्या केनेडी अंतराळ केंद्राच्या धावपट्टीवर उतरले आणि तीस वर्षे चाललेला शटलचा कार्यक्रम संपला. परत निघण्यापूर्वी त्यातल्या चौघा अंतराळवीरांनी आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात एक छोटा अमेरिकी झेंडा ठेवला होता. १९८१ साली शटलच्या पहिल्या उड्डाणात जाऊन आलेला हा झेंडा. यापुढे अमेरिकेच्या भूमीवरून जे अंतराळवीर सर्वांत आधी स्थानकावर पोचतील, त्यांनी तो परत आणायचा, असे ठरले होते. चार-पाच वर्षांत हे होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात नऊ वर्षे लागली. या नऊ वर्षांत स्थानकावर गेलेला नासाचा प्रत्येक अंतराळवीर कझाकस्तानातल्या बायकोनूरहून रशियाच्या सोयूझ यानात बसून गेला.

जो देश चंद्रावर माणूस उतरवून आला, त्याच्यावर ही पाळी का आली आणि ती टळली कशी, ही गोष्ट बहुतेक वेळा एलॉन मस्क या एका माणसाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मस्क यांचा वाटा मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण या काळातली कागदपत्रे आणि सुनावण्या पाहिल्या की लक्षात येते, निर्णायक ठरले ते सरकारी कार्यालयातले दोन कोरडे निर्णय. पैसे कोणत्या पद्धतीने द्यायचे, हा एक. आणि काम एकाला न देता दोघांना द्यायचे, हा दुसरा. दोन्हींना त्या वेळी कडवा विरोध झाला.

सुरुवात कोलंबियापासून करावी लागते. १ फेब्रुवारी २००३. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजत होते आणि कल्पना चावला परत येणार म्हणून भारतात कितीतरी घरांत टीव्ही लागले होते. टेक्सासच्या आकाशात कोलंबिया विखुरले आणि सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने ऑगस्टमध्ये दिलेला अहवाल आजही वाचावा असा आहे. १६ जानेवारीला उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला होता. तिथे पडलेल्या भगदाडातून, परत येताना, तापलेला वायू आत शिरला. पंखाची छायाचित्रे मिळवावीत असा आग्रह काही अभियंत्यांनी धरला होता. व्यवस्थापनाने तो मानला नाही. फोमइतकाच दोष नासाच्या कार्यसंस्कृतीचा आहे, असे मंडळाने स्पष्ट लिहिले, आणि माणसांची ने-आण करण्यासाठी शटलच्या जागी दुसरे साधन लवकरात लवकर हवे, असेही.

जानेवारी २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जाहीर केले की स्थानकाची बांधणी पुरी करून शटल २०१० पर्यंत निवृत्त होईल आणि अमेरिका पुन्हा चंद्राकडे वळेल. या चांद्रमोहिमेला कॉन्स्टेलेशन हे नाव मिळाले. तिच्यासाठी ओरायन ही कुपी आणि एरीज हे रॉकेट नासा स्वतः आखणार होती. मग स्थानकाचे काय? तिथे सतत माणसे राहत होती. त्यांना अन्न, पाणी, सुटे भाग लागत होते.

२००५ मध्ये नासाचे प्रमुख झालेल्या मायकेल ग्रिफिन यांनी यावर जो मार्ग काढला, तो आजच्या सगळ्याचा पाया आहे. सामान पोचवण्याचे काम खाजगी कंपन्यांकडे द्यायचे, आणि वेगळ्या पद्धतीने द्यायचे. तोवर मोठ्या यानांची कंत्राटे ‘खर्च अधिक नफा’ या तत्त्वावर असत. आराखडा नासाचा, मालकी नासाची. कंपनीला जो खर्च येईल तो सरकार भरणार आणि वर ठरलेला नफा देणार. घर बांधताना मिस्त्रीला रोजंदारीवर ठेवले की काम लांबले तरी त्याचे काही जात नाही, उक्ते दिले की तो स्वतःच घाई करतो, हे आपल्याला ठाऊक आहे. ग्रिफिन यांनी काम उक्ते दिले. रक्कम ठरलेली, टप्पे ठरलेले, टप्पा पुरा झाला तरच पैसे. यानाची मालकी कंपनीचीच, आणि कंपनीने स्वतःचा पैसाही घालायचा. सुमारे ५० कोटी डॉलर यासाठी बाजूला काढले गेले. नासाच्या हिशेबात ही किरकोळ रक्कम होती.

ऑगस्ट २००६ मध्ये दोन कंपन्या निवडल्या गेल्या. त्यातली रॉकेटप्लेन किस्लर खाजगी भांडवल उभे करू शकली नाही आणि पुढच्या वर्षी नासाने तिच्याशी करार तोडला. टप्प्याटप्प्याने पैसे देण्याचा फायदा इथेच दिसला. सरकारचे फार बुडाले नाही, आणि उरलेल्या पैशात ऑर्बिटल सायन्सेस ही तिसरी कंपनी आणता आली. दुसरी निवड होती मस्क यांची स्पेसएक्स. २००२ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने तोवर एकच रॉकेट उडवले होते, आणि तेही पडले होते.

प्रशांत महासागरातल्या क्वाजालीन प्रवाळद्वीपांपैकी ओमेलेक नावाच्या चिमुकल्या बेटावरून स्पेसएक्सच्या फाल्कन १ या रॉकेटचे पहिले उड्डाण मार्च २००६ मध्ये फसले, दुसरे मार्च २००७ मध्ये. ऑगस्ट २००८ मधल्या तिसऱ्या उड्डाणात पहिला टप्पा सुटा झाल्यावरही इंजिनात थोडा जोर उरला होता. तो मागून येऊन दुसऱ्या टप्प्यावर आदळला. कंपनीची गंगाजळी आटत आली होती. २८ सप्टेंबरला उरल्यासुरल्या भागांतून जोडलेले चौथे रॉकेट कक्षेत पोचले. त्याच वर्षी २३ डिसेंबरला नासाने स्पेसएक्सला सामानाच्या १२ फेऱ्यांसाठी १.६ अब्ज डॉलरचे कंत्राट दिले आणि ऑर्बिटलला ८ फेऱ्यांसाठी १.९ अब्ज डॉलरचे. खाजगी उद्योगाची भरारी म्हणून जी सांगितली जाते, ती नेमक्या पडत्या क्षणी सरकारी कंत्राटाने सावरली होती. स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानाच्या उष्णतारोधक कवचाचे द्रव्यही नासाच्या एम्स केंद्रात विकसित झालेल्या द्रव्यावर बेतलेले आहे.

माणसांचा प्रश्न मात्र अजून नासाच्याच हातात होता, आणि कॉन्स्टेलेशन रखडत चालले होते. नॉर्मन ऑगस्टीन यांच्या समितीने २००९ मध्ये सांगितले की सध्याच्या निधीत ही मोहीम चालणार नाही. १ फेब्रुवारी २०१० रोजी, कोलंबियाच्या अपघाताला बरोबर सात वर्षे झाली त्या दिवशी, ओबामा सरकारने अर्थसंकल्पात कॉन्स्टेलेशन रद्द करण्याचा आणि अंतराळवीरांना स्थानकावर नेण्याचे काम खाजगी कंपन्यांकडे देण्याचा प्रस्ताव मांडला. पाच वर्षांत ६ अब्ज डॉलर त्यासाठी मागितले होते.

गदारोळ झाला. ज्या राज्यांत कॉन्स्टेलेशनमुळे रोजगार होता तिथले दोन्ही पक्षांचे लोकप्रतिनिधी विरोधात गेले. पण खरे वजन होते ते जुन्या अंतराळवीरांच्या शब्दाला. मे महिन्यात नील आर्मस्ट्राँग आणि जीन सर्नन, म्हणजे चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारा आणि तिथून शेवटचा निघालेला, सिनेटच्या समितीपुढे बसले आणि या योजनेविरुद्ध बोलले. त्यांचे म्हणणे तुच्छतेने बाजूला सारण्यासारखे नव्हते. कमी खर्चाच्या घाईत सुरक्षितता सुटते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. नासाच्या उपप्रमुख लोरी गार्व्हर या योजनेच्या खंद्या पुरस्कर्त्या होत्या आणि सर्वाधिक टीका त्यांच्या वाट्याला आली.

ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली. अमेरिकेच्या काँग्रेसने ओरायन वाचवले, सोबत जुन्या पद्धतीचे एक मोठे रॉकेट मंजूर केले, आणि खाजगी यानांची योजना जिवंत ठेवली, पण अर्धपोटी. २०१२ साठी ८५ कोटी डॉलर मागितले होते, मिळाले त्याच्या निम्म्याहून कमी. पुढचीही दोन-तीन वर्षे तशीच गेली. त्याच काळात सोयूझमधल्या आसनाचा भाव चढत होता. सुरुवातीला दोन कोटी डॉलरच्या आसपास असलेले एक आसन शेवटी नऊ कोटींपर्यंत गेले. घरचे यान लवकर व्हावे म्हणून पैसे द्यायचे नाहीत आणि परक्याच्या यानाचे वाढते भाडे मात्र भरायचे, हा त्या वर्षांतला व्यवहार होता. या विलंबाचा दोष आजही सरसकट कंपन्यांवर टाकला जातो. सुरुवातीच्या विलंबापुरता तो अन्यायकारक आहे.

दरम्यान मे २०१२ मध्ये स्पेसएक्सचे ड्रॅगन हे सामानवाहू यान स्थानकाला जोडले गेले. डॉन पेटिट यांनी स्थानकाच्या यांत्रिक हाताने ते पकडले. खाजगी कंपनीचे यान तिथे पोचण्याची ही पहिलीच वेळ. विरोधाची धार बोथट झाली. उरलेले काम रशियाने केले. २०१४ मध्ये क्रायमिया ताब्यात घेतल्यावर अमेरिकेने निर्बंध लादले, तेव्हा रशियाचे उपपंतप्रधान दिमित्री रोगोझिन यांनी सुचवले की अमेरिकेने आपले अंतराळवीर आता ट्रॅम्पोलिनवरून उडवून स्थानकावर पाठवावेत. परावलंबनाची किंमत काय असते, हे काँग्रेसला समजावण्यासाठी यानंतर कुणाला अहवाल लिहावा लागला नाही.

१६ सप्टेंबर २०१४ रोजी अंतिम निवड जाहीर झाली. बोइंगला ४.२ अब्ज डॉलर, स्पेसएक्सला २.६ अब्ज. काम एकच: कुपी बनवा, ती सुरक्षित असल्याचे सिद्ध करा, अंतराळवीरांना घेऊन चाचणी करा आणि मग सहापर्यंत फेऱ्या मारा. पंख असलेले यान बनवणारी सिएरा नेवाडा ही तिसरी कंपनी वगळली गेली. आकड्यांतला फरक तेव्हाचा विश्वास सांगतो. बोइंग ही मर्क्युरीपासून शटलपर्यंतचा वारसा आपल्या छत्राखाली घेतलेली कंपनी होती. तिच्या बाजूने अनुभव होता, प्रक्रिया होती, माणसे होती. एकाच कंपनीला सगळा पैसा द्या, काम लवकर होईल, असे काँग्रेसमधले अनेकजण सांगत होते, आणि तसे झाले असते तर ती एक कंपनी बोइंग असती, याबद्दल फारशी शंका वाटत नाही. दोघांना ठेवण्याचे कारण नासाने सरळ सांगितले होते: एक अडकली तर दुसरी असावी.

जुलै २०१५ मध्ये या नव्या यानांसाठी नासाने चार अनुभवी अंतराळवीर निवडले. बॉब बेन्केन, एरिक बो, डग हर्ली आणि सुनीता विल्यम्स. हर्ली हे अटलांटिसच्या शेवटच्या फेरीतले वैमानिक. कुठले यान कुणाच्या वाट्याला येणार, हे तेव्हा ठरले नव्हते.

त्यानंतरची वर्षे दोन्ही कंपन्यांना जड गेली, पण वेगवेगळ्या प्रकारे. स्पेसएक्सच्या चुका सगळ्या जगासमोर, ज्वाळांसकट झाल्या. जून २०१५ मध्ये सामान घेऊन निघालेले तिचे फाल्कन ९ रॉकेट वरच्या टप्प्यातला हेलियमच्या टाकीचा आधार तुटल्याने फुटले. सप्टेंबर २०१६ मध्ये दुसरे एक रॉकेट उड्डाणतळावरच, इंधन भरताना, उपग्रहासह जळाले. अंतराळवीर आत बसल्यावर इंधन भरण्याच्या स्पेसएक्सच्या पद्धतीला अपोलोतले अंतराळवीर थॉमस स्टॅफर्ड यांच्या सल्लागार समितीने आधीच हरकत घेतली होती. या स्फोटानंतर त्या हरकतीला धार आली आणि नासाची मंजुरी मिळायला २०१८ उजाडले. मार्च २०१९ मध्ये माणसांसाठी बनवलेले ड्रॅगन माणसांविना स्थानकावर जाऊन सुखरूप परतले, आणि तेच यान एप्रिलमध्ये जमिनीवरच्या चाचणीत उडाले. आणीबाणीत कुपीला रॉकेटपासून दूर नेणाऱ्या इंजिनांच्या नळ्यांत गळलेले द्रव एका टायटॅनियमच्या व्हॉल्ववर जोराने आदळले आणि धातूनेच पेट घेतला होता. ही रचना बदलली गेली. जानेवारी २०२० मध्ये उडत्या रॉकेटपासून कुपी वेगळी करून दाखवली गेली.

बोइंगच्या चुका कागदावरच्या तपासणीत दिसल्या नाहीत. २० डिसेंबर २०१९ रोजी तिचे स्टारलायनर हे यान माणसांविना निघाले आणि काही मिनिटांतच कळले की यानाचे घड्याळ ११ तासांनी चुकले आहे. आपण भलत्याच टप्प्यावर आहोत असे समजून त्याने इंधन उधळले. स्थानक गाठता आले नाही. दोन दिवसांनी ते न्यू मेक्सिकोत उतरले. उड्डाण चालू असतानाच आज्ञावलीत दुसरी गंभीर चूक सापडली आणि उतरण्याआधी घाईने दुरुस्त झाली. नासाने नंतर मान्य केले की बोइंगच्या आज्ञावलीकडे आपले पुरेसे लक्ष नव्हते. नवख्या कंपनीच्या प्रत्येक कागदावर बोट ठेवणारे लोक जुन्या नावापुढे सैल पडले होते. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच वाटते. कोलंबियाच्या अहवालाने ज्या सवयीकडे बोट दाखवले होते, तिचेच हे दुसरे रूप होते.

करोनाची साथ ऐन भरात होती. ३० मे २०२० रोजी दुपारी ३.२२ ला, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर, केनेडी केंद्राच्या ३९ए तळावरून हर्ली आणि बेन्केन ड्रॅगनमध्ये बसून निघाले. हाच तळ अपोलो ११ चा आणि अटलांटिसच्या शेवटच्या उड्डाणाचाही. तीन दिवसांपूर्वी हवामानामुळे उड्डाण टळले होते. दुसऱ्या दिवशी ते स्थानकावर पोचले, आणि झेंडा उतरवून घेणाऱ्यांत तो ठेवणाऱ्यांपैकी एक, हर्ली, होता. उड्डाणानंतरच्या पत्रकार परिषदेत मस्क यांनी रोगोझिनना उत्तर दिले: ट्रॅम्पोलिन चालतेय. २ ऑगस्टला कुपी पेन्साकोलाजवळ समुद्रात उतरली. हौशी नौकांनी तिला गराडा घातला आणि तटरक्षकांना त्यांना हटवावे लागले.

नोव्हेंबर २०२० पासून नियमित फेऱ्या सुरू झाल्या. नासाच्या महानिरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात ड्रॅगनमधले एक आसन सरासरी साडेपाच कोटी डॉलरला आणि स्टारलायनरमधले नऊ कोटींना पडेल, असा हिशेब मांडला होता. कमी पैसे घेतलेल्या कंपनीने काम आधी पुरे केले होते.

स्टारलायनरचे दुखणे संपत नव्हते. २०२१ मध्ये उड्डाणाआधी १३ व्हॉल्व गंजून अडकले. मे २०२२ मध्ये माणसांविना फेरी यशस्वी झाली, पण २०२३ मध्ये पॅराशूटच्या जोडण्या आणि तारांवरची ज्वलनशील पट्टी यांनी पुन्हा वेळ खाल्ला. अखेर ५ जून २०२४ रोजी बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स निघाले. निवड झाल्यापासून सुनीतांनी या यानासाठी जवळपास नऊ वर्षे वाट पाहिली होती. स्थानकाजवळ पोचताना दिशा सांभाळणारे पाच थ्रस्टर बंद पडले आणि हेलियमची गळती वाढली. आठ-दहा दिवसांचा मुक्काम लांबत गेला. न्यू मेक्सिकोत तसाच थ्रस्टर जमिनीवर पेटवून पाहिला, तेव्हा उष्णतेने आतले टेफ्लॉन फुगून इंधनाची वाट अडवत असल्याचे दिसले. परतीच्या वेळी असे पुन्हा होणार नाही याची खात्री बोइंगला वाटत होती. नासाच्या अभियंत्यांना वाटत नव्हती. २४ ऑगस्टला नासाचे प्रमुख बिल नेल्सन यांनी निर्णय दिला: यान रिकामे परत येईल. हा निर्णय सांगताना त्यांनी चॅलेंजर आणि कोलंबिया या शटलच्या अपघातांची आठवण काढली. २००३ मध्ये ज्या शंका ऐकल्या गेल्या नाहीत, तशाच शंका या वेळी ऐकल्या गेल्या होत्या. स्टारलायनर सप्टेंबरमध्ये रिकामे आणि सुरळीत उतरले. विल्मोर आणि विल्यम्स २८६ दिवसांनी, १८ मार्च २०२५ रोजी, ड्रॅगनमधून परतले.

यान रिकामे आणण्याचा निर्णय घेणे शक्य झाले, कारण दुसरे यान होते. २०१४ मध्ये एकालाच पैसे द्या म्हणणाऱ्यांचे ऐकले असते, तर तेव्हा अमेरिकेपुढे पर्याय उरला असता तो सोयूझचा, आणि रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणानंतरच्या काळात तो मागायला जावे लागले असते. उक्त्या कंत्राटामुळे वाढीव खर्चही बोइंगलाच सोसावा लागला. या यानावरचा तिचा तोटा दोन अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे. अशी कंत्राटे पुन्हा घ्यावीत का, असा प्रश्न आता जुन्या कंपन्यांना पडला आहे, आणि ती या पद्धतीची खरी मर्यादा आहे. तोटा सोसण्याची ताकद आणि तयारी असलेलेच तिथे टिकतात.

दुसरा परिणाम आपल्यापर्यंत आला. यान कंपनीचे असल्याने आसन कुणालाही विकता येते. सप्टेंबर २०२१ मध्ये एकही व्यावसायिक अंतराळवीर नसलेले चौघे ड्रॅगनमधून पृथ्वीभोवती तीन दिवस फिरून आले. आणि २५ जून २०२५ रोजी भारताने घेतलेल्या आसनावर बसून शुभांशू शुक्ला त्याच ३९ए तळावरून ॲक्सिऑम कंपनीच्या मोहिमेत निघाले; राकेश शर्मांनंतर ४१ वर्षांनी अवकाशात गेलेले ते पहिले भारतीय अंतराळवीर. आपले स्वतःचे गगनयान मात्र जुन्या पद्धतीने होत आहे. विक्रोळीत गोदरेज इस्रोसाठी विकास इंजिने बनवते, वालचंदनगरला बूस्टरची कवचे तयार होतात. पण आराखडा आणि मालकी इस्रोची. पहिल्याच यानासाठी तेच शहाणपणाचे आहे, असे मला वाटते. स्पेसएक्सलाही माणसे नेण्याआधी सामानाच्या कितीतरी फेऱ्यांचा सराव मिळाला होता, आणि मागे नासाचा अर्धशतकाचा अनुभव उभा होता.

शुक्ला निघाले त्याच्या तीनच आठवडे आधी, ५ जूनला, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प आणि मस्क यांचे समाजमाध्यमांवर जाहीर भांडण झाले. सरकारी कंत्राटे काढून घेण्याची धमकी मिळताच मस्क यांनी लिहिले की ड्रॅगन तात्काळ सेवेतून काढून घेतो. काही तासांत त्यांनी शब्द मागे घेतला. पण तेवढे तास स्थानकावर माणसे पोचवण्याचे अमेरिकेचे एकमेव चालू साधन एका व्यक्तीच्या रागावर अवलंबून होते. रशियाच्या जागी आता एक कंपनी आली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये नासाने बोइंगच्या निश्चित फेऱ्या सहावरून चारवर आणल्या आणि स्टारलायनरने पुढच्या वेळी फक्त सामान घेऊन जावे, असे ठरवले. थ्रस्टरची दुरुस्ती त्या फेरीत सिद्ध झाली, तरच पुन्हा माणसे बसणार आहेत.